सेवेची कावड : आपत्काळी उपयोगी पडण्याचा अभ्यास

॥ श्रीहरिः ॥



नाथमहाराजांची कथा आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. गंगोदकाच्या कावडी घेऊन यात्रेकरू मंडळी रामेश्वरास निघालेली, वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत पडलेले, आणि नाथांनी आपली कावड सोडून ते पाणी त्याच्या मुखी घातले. आम्ही कीर्तनकार ही कथा भूतदयेवर लावतो, आणि ते योग्यच आहे. पण अलीकडे ती सांगताना माझे मन दुसऱ्याच एका गोष्टीवर जाऊन ठरते. नाथांजवळ दया होती, तसे पाणीही होते. ते पाणी त्या क्षणी वाळूतून उपजले नव्हते. काशीपासून खांद्यावर वाहून आणलेले होते. कावड रिकामी असती तर नाथांचे डोळे भरून आले असते, पण त्या मुक्या जीवाची तहान भागली नसती.

दया उपजायला क्षण पुरतो. कावड मात्र आधीपासून वाहावी लागते. आजच्या पाठाचा विषय हा एवढाच आहे. पूर, भूकंप, दरड, चेंगराचेंगरी अशा प्रसंगी धावून जाण्याची इच्छा आपल्या संप्रदायात उदंड आहे. त्या इच्छेला शिक्षणाची जोड कशी द्यावी, हे येथे पाहावयाचे आहे.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो. सन १९९३, सप्टेंबरची ३० तारीख. गणपतीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे, अशी घरे निजलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सरकारी मोजणीप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. मी त्या वेळी ऐन तिशीत होतो. आमच्या भजनी मंडळाने भाकरी, जुनी लुगडी-धोतरे ट्रकात घातली आणि आम्ही बाराजण दुसऱ्या दिवशी तिकडे पोचलो.

एका गावात ढिगाऱ्यापाशी एक आजी नुसते बोट दाखवीत उभ्या होत्या. आम्ही विचार न करता वर चढलो. एक तुळई आडवी पडलेली दिसली, ती सहाजणांनी विठ्ठलाचे नाव घेऊन ओढली. तुळई निघाली, आणि तिच्यावर तोललेली माती भस्सदिशी आत खचली. मागून एक जवान ओरडत आला, “उतरा खाली! आधी ऐका, मग उचला!” संध्याकाळी जवानांनी तेथूनच आजींच्या सुनेला बाहेर काढले. ती गेलेली होती. आम्ही तुळई ओढण्याआधीच गेली होती, की त्या मातीने गेली, हे मला कोणी सांगितले नाही आणि विचारण्याचा मला धीर झाला नाही.

आमचा हेतू शुद्ध होता. पण हेतू शुद्ध आहे म्हणून माती खचायची थांबत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत, की कोणत्याही शास्त्राचा आरंभ करताना चार गोष्टी आधी ठरवाव्यात: अधिकारी कोण, विषय काय, संबंध कोणता आणि प्रयोजन काय. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. त्याच क्रमाने आपणही जाऊ.

१. अधिकारी

ही सेवा शिकण्याचा अधिकार कोणाला? सन २००५ मध्ये आपल्या देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यातून निर्माण झालेल्या राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१६ साली ‘आपदा मित्र’ नावाची योजना काढली. प्रथम २५ राज्यांतील ३० पूरप्रवण जिल्हे घेतले आणि सहा हजार स्वयंसेवक शिकवून तयार करण्याचे ठरविले. पुढे २०२१ मध्ये तीच योजना ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढवून एक लाखाचा संकल्प झाला. स्वयंसेवक त्याच जिल्ह्याचा रहिवासी असावा, वय १८ ते ४० असावे, निदान सातवी शिकलेला असावा आणि शरीराने धडधाकट असावा, अशा अटी. बारा दिवसांचे शिक्षण. शिकून झाल्यावर अंगात घालावयाचे तरंगजाकीट, शिरस्त्राण, विजेरी, शिटी, बूट, प्रथमोपचाराची पेटी असे साहित्य, आणि विम्याचे संरक्षण. पगार नाही. सेवा ती सेवाच.

अहो, पाहा! आपल्याकडे सातवी शिकलेला, मैलोन्‌मैल चालणारा, उघड्यावर निजणारा, मिळेल ते खाणारा तरुण हुडकायला जावे लागत नाही. दर दिंडीत दहा-वीस सापडतील.

स्त्रियांचा अधिकार आहे काय, असे कोणी विचारील. माझ्या मते तो अधिक आहे. पुरातून काढलेली बाई आपली व्यथा परपुरुषाला सांगत नाही. गरोदर आहे, अंगावर कपडा धड नाही, पोटातले दुखणे आहे, हे ती बाईलाच सांगेल. ज्या तुकडीत शिकलेली स्त्री नाही ती तुकडी अर्धीच समजावी.

आणि आम्ही पांढऱ्या केसांच्या मंडळींनी काय करावे? चाळिशीच्या अटीमुळे त्या बारा दिवसांच्या वर्गाचा अधिकार मला नव्हता. पण प्रथमोपचाराचे वर्ग रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था घेतात. तेथे माझ्यासारख्यालाही बसता आले. ज्याच्या हाती वीणा त्याने पाण्यात उडी मारू नये, पण छातीवर दाब कसा द्यावा हे त्यालाही आले पाहिजे.

२. विषय

आता शिकावयाचे काय? सगळे येथे लिहिणे शक्य नाही, आणि वाचून ते येतही नाही. पोहणे पुस्तकातून येत नाही, तद्वतच हे आहे. तरी त्यातील मुख्य सूत्रे सांगतो.

पहिले सूत्र, आधी आपला जीव राखावा. हे ऐकून भाविकांना दचकायला होते. पण वाचवणारा बुडाला तर काढावयाची माणसे एकाची दोन होतात. पाण्याजवळ क्रम असा: आधी काठावरून बांबू किंवा काठी पुढे करावी, ती पोचत नसेल तर दोर फेकावा, घट्ट झाकणाचा रिकामा डबा दोराला बांधून फेकावा, त्याने भागत नसेल तर नाव न्यावी, आणि स्वतः पाण्यात उतरणे हा शेवटचा उपाय, तोही शिकलेल्यानेच, तरंगजाकीट घालून. भीमाकाठचे जुने लोक भोपळ्यांची सांगड बांधून नदी उतरत, ती हीच विद्या होय. आपल्या पताकेची काठी, नऊवारी लुगडे, धोतर ही सगळी काठावरून पुढे करण्याची साधने आहेत. चंद्रभागेच्या पात्रात वाळू उपशाने खड्डे पडलेले आहेत. वरून पाणी गुडघाभर दिसते आणि पुढच्या पावलाला माणूस दिसेनासा होतो. स्नानाच्या जागी दोन माणसे दोर घेऊन उभी राहिली तर तेवढ्यानेच कित्येक जीव वाचतील.

दुसरे सूत्र, मर्यादा पाळावी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे सुटकेला निघालेली नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. नावेत तिच्या शक्तीबाहेर माणसे बसली होती. मागे राहणाऱ्याला “तू थांब, पुढच्या खेपेस नेतो” असे म्हणणे फार कठीण आहे. पण तेच म्हणता येणे, म्हणजे शिक्षण.

तिसरे सूत्र, जो ओरडतो तो श्वास घेतो आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जावे. ढिगाऱ्यापाशी सर्वांनी स्तब्ध व्हावे, हाक मारावी, कान देऊन ऐकावे, आणि मगच, आधार देत देत, वरून एकेक वस्तू काढावी. हे सूत्र मला तीस वर्षांपूर्वी ठाऊक असते तर!

चौथे सूत्र, श्वास आणि रक्त. मोठा माणूस अचानक कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर त्याच्या तोंडात पाणी घालू नये आणि भोवती गर्दी करू नये. एकाने १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. दुसऱ्याने त्याला टणक जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवावी, दुसरा हात वर ठेवावा, आणि कोपर न वाकविता जोराने दाबावे. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यावी. ही लय म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. टाळकऱ्याला ती कोणी शिकवावयास नको. रंगलेल्या भजनात त्याचे हात त्याच गतीने तासन्‌तास चालतात. दमले की हात बदलावेत, पण लय तुटू देऊ नये. लहान मुले आणि बुडालेले लोक यांची रीत थोडी निराळी आहे, त्यांना तोंडावाटे श्वासही द्यावा लागतो. ती वर्गातच शिकावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ उपरण्याची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी, पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये. पुराच्या दिवसांत साप घरांत शिरतात. सर्पदंश झाला तर चिरू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. तो अवयव न हलविता माणसाला प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोचवावे.

पाचवे सूत्र, गर्दीचे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या जवळपास भाविक मरण पावले. अशा गर्दीत माणसे पायांखाली तुडवून मरतात तशी उभ्याउभ्या श्वास कोंडूनही मरतात. मागच्याला पुढचे दिसत नाही, म्हणून तो रेटा देत राहतो. गर्दीत अडकलेल्याने दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखावी, पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, आणि रेट्याशी न झगडता तिरके सरकत कडेला यावे. स्वयंसेवकाचे काम पुढे ओरडण्याचे नव्हे, मागचा ओघ थांबविण्याचे आहे.

३. संबंध

या विद्येचा आणि वारकरी पंथाचा संबंध काय? मला तो फार जवळचा वाटतो. आपत्तीत सर्वांत मोठा शत्रू पाणी किंवा माती नसून गोंधळ असतो. प्रत्येकजण धावतो, प्रत्येकजण आज्ञा करतो, ऐकत कोणीच नाही. आता ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यातील समाजआरती डोळ्यांसमोर आणा. दिंड्या तळावर जमल्या आहेत, हजारो टाळ वाजत आहेत. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवीत राहते. मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. हरवल्या-सापडल्याचे पुकारे होतात, उद्याची वेळ सांगितली जाते. लाखोंच्या समुदायात एक आज्ञा, एक शांतता, आणि अडलेल्याला बोलण्याची वाट! आपत्ती व्यवस्थापनाचे शास्त्र ज्याला शिस्त म्हणते ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रथापुढे अमुक क्रमांक, रथामागे अमुक क्रमांक. विणेकरी मध्ये, टाळकरी रांगेने. आपल्याला नवीन शिकावयाचे आहे ते कौशल्य. शिस्त अंगात आहेच.

मात्र एक लक्षात ठेवावे. आपत्तीच्या जागी चोपदाराचा दंड जिल्हा प्रशासनाच्या हाती असतो. तेथे पोचताच आपले नाव सांगावे, काम मागून घ्यावे, आणि जे सांगितले तेच करावे. पिण्याचे पाणी वाटायला सांगितले तर पाणीच वाटावे. ढिगाऱ्यावर चढलेल्याची सेवा मोठी आणि पाणी वाटणाऱ्याची लहान, असा हिशेब पंढरीरायाच्या दरबारात नाही.

४. प्रयोजन

पुण्याजवळ सुदुंबरे हे गाव आपणांस परिचित आहे. तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे संताजीमहाराज जगनाडे यांची समाधी तेथे आहे. त्याच गावच्या परिसरात आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी वाहिनी असते. संताजींनी वेळेवर लिहून ठेवले म्हणून पुढच्यांना लाभले. हे जवानही पूर यायच्या आधी वर्षभर सराव करतात म्हणून पुरात उपयोगी पडतात. दोन्हींकडे आधीची साधना आहे.

पण हे दल कितीही तत्पर असले तरी पुणे सोडून आपल्या गावी यायला त्याला वेळ लागणारच. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराच्या मातीखाली गेले, आणि गाव दिसत नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते एसटीच्या चालकाकडून. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड आली. तेथे गाडीरस्ता नव्हता, मदतीला निघालेल्यांना पावसात, अंधारात, निसरडा डोंगर पायी चढून जावे लागले आणि यंत्रे खालीच राहिली. पहिले काही तास जो हात मिळतो तो शेजाऱ्याचाच असतो. तो हात शिकलेला असावा, हेच या विद्येचे प्रयोजन.

शंकासमाधान

शंका: विठ्ठल राखणारा असता आपण राखू म्हणणे हा अहंकार नव्हे काय? समाधान: शेतकरी पाऊस विठ्ठलाचा म्हणतो, पण बांध स्वतः घालतो. त्याला कोणी अहंकारी म्हणत नाही. अहंकार शिकण्यात नाही. न शिकता “मला सगळे येते” म्हणून ढिगाऱ्यावर चढण्यात आहे. हे मी स्वतःवरून सांगतो.

शंका: बारा दिवस वर्गात घालविले तर नामस्मरण आणि नेम यांचे काय? समाधान: दोर फेकताना मुखाने नाम घ्यायला कोणी आडवे येत नाही. आणि नाथांनी गाढवाला पाणी पाजले तेव्हा रामेश्वराची यात्रा मोडली, असे आपण कधी म्हटले आहे काय?

शंका: हे सरकारचे काम, आपण का करावे? समाधान: रस्ता सरकारचा असतो, पण आपल्या दारात पडलेल्या माणसाला उचलताना आपण रस्ता कोणाचा हे विचारीत नाही.

या पाठाचा अभ्यास

मंडळी, वाचून पान उलटू नका. दर दिंडीने, दर गावच्या भजनी मंडळाने येत्या आषाढीपूर्वी निदान एवढे करावे.

एक, दोन तरुण आणि दोन तरुणी निवडून त्यांना जिल्हाधिकारी कचेरीतील आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे पाठवावे. सध्या कोणता वर्ग आहे, नाव कोठे नोंदवायचे, ते तेथे विचारावे. नागरी संरक्षण दल, गृहरक्षक दल, राष्ट्रीय सेवा योजना यांतूनही शिकण्याची वाट आहे.

दोन, १०८, ११२ आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक टाळांच्या पेटीवर आणि दिंडीच्या गाडीवर रंगाने लिहून ठेवावेत.

तीन, दिंडीच्या सामानात एक लांब मजबूत दोर, घट्ट झाकणाचे चार रिकामे डबे, विजेरी, शिट्या, स्वच्छ कापडाच्या घड्या आणि दोन बांबू व घोंगडे ठेवावे. दोन बांबूंवर घोंगडे घट्ट गुंडाळले की जखमी नेण्याची डोली होते. आधी एखाद्या धडधाकट माणसाला निजवून ती पेलते का, हे पाहून घ्यावे.

चार, उजनी आणि वीर धरणांतून सुटलेले पाणी भीमेवाटे पंढरीस येते. किती पाणी सोडले, त्याची बातमी खरी माणसाकडून घ्यावी, आणि ऐकीव गोष्ट पुढे ढकलू नये. खोट्या आरोळीने पळणाऱ्या गर्दीत माणसे पुराइतकीच मरतात.

पाच, महिन्यातून एकदा एकादशीच्या कीर्तनानंतर घटकाभर सराव करावा. मी माझ्यापुरता नेम केला आहे. आरती झाली की गुंडाळलेली सतरंजी पुढे ठेवतो, टाळकऱ्यांना दोन्ही बाजूंस बसवितो आणि मृदंगाच्या लयीवर दाब देणे शिकवितो. पहिल्या दिवशी पोरे हसली. गेल्या माघीला त्यांतल्याच एका पोराने बाजारात कोसळलेल्या एका दुकानदाराची छाती रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत ठेवली. दुकानदार वाचला. पोरगा रात्री माझ्याकडे आला, पाया पडला, आणि म्हणाला, “महाराज, लय सोडली नाही.”

मला त्या क्षणी किल्लारीकडची ती आजी आठवली. तिची सून परत येणार नाही. ते ऋण मी फेडू शकत नाही. पण पुढच्या कोणा आजीने बोट दाखविले तर त्या ढिगाऱ्यावर जाणारा माणूस आधी थांबून ऐकणारा असावा, एवढ्यासाठी हा पाठ लिहिला.

कावड आजच खांद्यावर घ्यावी. तहानलेला कधी, कोठे भेटेल, ते पांडुरंगालाच ठाऊक.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!